साळवे गार्ड झोपले नव्हते

साळवे गार्डांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एका वक्त्याने भाषणाच्या शेवटी तो किस्सा सांगितलाच. "छत्तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात डोळ्यांत तेल घालून जागलेला माणूस, पण अमेरिकेच्या फायनलला मात्र ऐन टायमाला डुलकी लागली!" मांडवात हशा पिकला. साळवे वहिनीसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो. घरी येऊन वाढलेलं ताट बाजूला सारलं आणि वही ओढली.

साळव्यांना डुलकी लागलीच नव्हती. हे जगात दोघांनाच माहीत होतं आणि त्यातले एक आता गेले. उरलेला पंचाहत्तरीचा आहे, म्हणून लिहून टाकतो. पण आधी साळवे काय माणूस होता ते सांगायला हवं, नाहीतर मी काय करून बसलो ते कळायचं नाही.

भीमराव साळवे दौंडला मालगाडीचे गार्ड होते. उंची बेताची, पण बोटं अशी लांब की चहाचा कपही चेंडूसारखा पाची बोटांनी धरत. तरुणपणी ते रेल्वेच्या मैदानावर बास्केटबॉल खेळले. कोर्टाच्या सिमेंटला भेगा आणि एका रिंगला जाळी नाही, असं ते मैदान. एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर दौंड सोडून परदेशी निघाला तेव्हा त्याने साळव्यांना खेळाच्या मासिकांचा गठ्ठा दिला. त्यात अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांचे फोटो होते. एका फोटोतला निळ्या कपड्यांचा संघ साळव्यांच्या मनात बसला तो कायमचा. निळा रंग म्हटल्यावर लोक डोळे मिचकावत. साळवे म्हणत, "रंगासाठी न्हाई, पासिंगसाठी." आणि स्वतःच मिशीत हसत.

त्या संघाचा खेळ त्यांनी प्रत्यक्ष पाहिला तो वीस वर्षांनी, माझ्या कृपेने. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी दौंडात केबल टाकली. स्लॅबवर छत्री, खाली एक खोली, खोलीत तीन टीव्ही, दोन व्हीसीआर आणि मी. अमेरिकेतले सामने आपल्याकडे सकाळी सहा-सातला लागत. पण त्या वेळेला तो चॅनेल मला भजनांना द्यावा लागे, नाहीतर गल्लीतल्या बायका वायर तोडायला निघाल्या असत्या. मग मी सामना कॅसेटवर घ्यायचा आणि संध्याकाळी सातला गावाला दाखवायचा, असं ठरलं. गाव म्हणजे पंधराएक माणसं. तीही बहुतेक माझ्याच खोलीत येऊन बसत.

साळवे आपली गार्डाची काळी पत्र्याची पेटी घेऊन येत आणि तिच्यावरच बसत. खुर्ची हलते, म्हणत. मांडीवर एक रजिस्टर. गार्डाला गाडी किती वाजता सुटली, कुठे थांबली, का थांबली हे सगळं लिहावं लागतं. ती सवय त्यांनी सामन्याला लावली. प्रत्येक गुण, प्रत्येक फाऊल वेळेसकट. अमेरिकन नावं आमच्या तोंडात बसेनात, तेव्हा संघांना आम्ही रंगांनी ओळखायचो आणि खेळाडूंची बारशी साळव्यांनी केली. बुटका, सारखी ये-जा करणाऱ्या गाडीसारखा चपळ, तो शटल. सात फुटी, जाग्यावरून न हलणारा तो मालगाडी. सामना संपला की खाली तीनपैकी एक शेरा पडे: 'राइट टाइम', 'लेट' किंवा 'ढकलून आणली'. कप कुणाला मिळाला याच्याशी साळव्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. तो लायकीने मिळाला का, हा त्यांचा विषय.

हा विषय ते कुठेही लावत. सोसायटीची निवडणूक, कुणाची बढती, कुणाच्या पोराचा पहिला नंबर. एकदा वहिनींनी विचारलं, "आन् आपलं लगीन? राइट टाइम का लेट?"

"सिग्नल न्हवता," साळवे म्हणाले. "तरी गाडी काढली."

वहिनींनी त्या दिवशी त्यांना चहा दिला नाही.

त्यांच्या तोडीस तोड वाद घालणारा एकच माणूस होता, शिरूरचे हिंगे सर. शाळेत पी.टी. शिकवायचे. आडवा बांधा, आवाज मैदानावरचा, आणि गळ्यात शिट्टी रविवारीसुद्धा. ते पिवळ्या संघाचे, कारण त्यांच्या शाळेचं बनियन पिवळं. दर रविवारी शिरूरहून एस.टी.ने दौंडला येत, साळव्यांकडे जेवत आणि भांडून परत जात.

या दोस्तीची सुरुवातच विचित्र झाली होती. शिरूरच्या मैदानावर दौंडच्या रेल्वेवाल्यांचा आणि हिंगे सरांच्या संघाचा सामना. शेवटच्या क्षणी साळव्यांनी चेंडू रिंगमध्ये टाकला आणि दौंड एका गुणाने जिंकलं. दौंडवाले नाचायला लागले. साळवे मात्र पंचाकडे गेले. "साहेब, माझा पाय रेषेबाहेर व्हता."

पंच म्हणाला, "मी बघितला न्हाई. बास्केट दिलेली हाय."

"तुम्ही दिली. मी घेत न्हाई."

शेवटी पंचाने बास्केट रद्द केली आणि दौंड हरलं. साळव्यांचे गडी इतके भडकले की त्यांना शिरूरलाच टाकून टेम्पो घेऊन निघून गेले. हिंगे सरांनी त्यांना घरी नेलं, जेवू घातलं आणि सकाळच्या एस.टी.त बसवून दिलं. सर नेहमी सांगत, "मी म्हणलं, ह्या माणसाला जपाया पायजे. असा दुसरा आपल्या संघात घुसला तर वाट लागंल."

रविवारी माझ्या खोलीत जे चाले त्याला वाद म्हणणं कमीच. एका वर्षी फायनलला हरलेल्या संघाचा मुख्य खेळाडू पाय मुरगळून बाकावर बसला होता. त्यावर तीन रविवार गेले.

"सर, लंगड्या माणसाला चीत केलं, त्याला कुस्ती म्हणायची का?"

"मग काय त्याचा पाय बरा व्हईपर्यंत थांबायचं? फायनल हाय का लगीन?"

"थांबू नका. जिंका. पण मिरवू नका."

"अहो गार्डसाहेब, कप मिळाला का न्हाई?"

"मिळाला की. गाडी आली, कोण न्हाई म्हणतंय? टायमात आली का, येवढंच इचारतोय."

"तुमची एक तरी गाडी आजवर टायमात आली का?"

यावर सगळी खोली हसे आणि साळवे सगळ्यात जास्त हसत.

त्यांचा निळा संघ मात्र जिंकत नव्हता. दर वर्षी कुठेतरी अडकायचा. आणि मग एका उन्हाळ्यात निळे फायनलला पोचले. समोर पिवळे. तीन-तीन सामने झाले आणि सातव्यावर सगळं आलं. त्या सकाळी साळव्यांची ड्यूटी सोलापूरच्या बाजूला होती. जाताना माझ्याकडे येऊन म्हणाले, "सुभाष, वाटेत मला कोण निकाल सांगू नये म्हणून मी कुणाशी बोलणार बी न्हाई. तू फकस्त कॅसेट नीट घे."

मी कॅसेट लावली. तीन तासांची होती. सामन्यात थांबाथांबी फार झाली, फाऊलवर फाऊल. मला भूक लागली होती. म्हटलं, अजून वेळ आहे, आणि स्टेशनवर वडा खायला गेलो. तिथे ओळखीचा एक भेटला. परत आलो तर कॅसेट संपून मशीन थांबलेलं. घाईघाईने दुसरी घातली. पहिली संपली तेव्हा सामन्याची चार मिनिटं उरली होती आणि निळे पाच गुणांनी मागे होते. दुसरी सुरू झाली तेव्हा दीड मिनिट उरलं होतं आणि निळे एका गुणाने पुढे. मधली अडीच मिनिटं माझ्या वड्यात गेली.

संध्याकाळी मी त्या फटीत यवतच्या एका साडीच्या दुकानाची जाहिरात घातली. जाहिराती मी नेहमीच घालायचो, पण खेळ थांबलेला असतानाच. माझ्या केबलवर एक सेकंदही कापला जात नाही, अशी माझी फुशारकी होती आणि ती तोवर खरी होती. कुणाला शंका येणार नाही असं मला वाटलं. शंका आली नाही हेच वाईट झालं.

शेवटची शिट्टी वाजली, निळे जिंकले. खोलीतले चौदा जण उठून नाचायला लागले. कुणीतरी साळव्यांना मिठी मारली. ते पेटीवरून उठले नाहीत. रजिस्टरवर बोट फिरवत होते.

"हितं पाचनं मागं. जाहिरात. आन् हितं एकनं पुढं. सहा गुण कुठनं आले? आन् घड्याळ बी अडीच मिनिटं पळालंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सुभाष, जाहिरातीत काय कापलं का रे?"

त्या वेळी 'हो' म्हणालो असतो तर चार शिव्या खाऊन सुटलो असतो. पण चौदा गिऱ्हाइकं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि पाटसचा दुसरा केबलवाला माझ्या लाइनींवर टपून होता.

"आईशप्पथ न्हाई, गार्डसाहेब."

त्यांनी मान हलवली. शपथ घेतली म्हटल्यावर त्यांच्या दृष्टीने विषय संपला. त्यांचा हिशोब सरळ होता. जाहिरात लागली म्हणजे खेळ थांबलेला. खेळ थांबला म्हणजे घड्याळ थांबलेलं. तरी सहा गुण वाढले, म्हणजे तिकडच्या टेबलावर बसलेल्या गुणलेखकाने फुकट दिले आणि घड्याळही पुढे ढकललं. सुभाष खोटं बोलेल त्यापेक्षा अमेरिका खोटं करेल, हे त्यांना जास्त पटलं. वीसहून जास्त वर्षं वाट पाहिलेल्या कपाखाली त्यांनी तीनपैकी कोणताच शेरा लिहिला नाही. लिहिलं, 'घेत नाही.' रजिस्टर मिटलं, पेटी उचलली आणि घरी गेले.

पेपरात दुसऱ्या दिवशी दोन ओळी होत्या, नुसता निकाल. रविवारी हिंगे सर आले. शिरूरच्या केबलवर सामना सकाळी थेट लागला होता आणि त्यांनी तो पूर्ण पाहिला होता. त्यांचा पिवळा संघ हरला होता, तरी दिलदार माणूस, साळव्यांच्या दारातूनच ओरडले, "गार्डसाहेब, अभिनंदन! लायकीनं जिंकले तुमचे!"

"न्हाई जिंकले," साळवे म्हणाले. "सहा गुण चोरीचे हायेत."

मी तिथेच होतो. एक माणूस आपल्या जिंकलेल्या संघाला चोर म्हणतोय आणि दुसरा आपल्या हरलेल्या संघाविरुद्ध घसा फोडतोय, असा वाद मी जन्मात पाहिला नाही. सर सांगत होते, "आवं, शटलनं टाकले की! ह्या डोळ्यांनी बघितलंय मी!" साळवे रजिस्टर पुढे करत होते. सरांनी ते हाताने बाजूला सारलं. "खोटं हाय तुमचं पुस्तक!"

गार्डाच्या वहीला खोटं म्हणणं म्हणजे काय, ते सरांना माहीत नसावं. अपघात झाला तर त्या वहीवर माणसाची नोकरी आणि कधी कधी तुरुंग ठरतो. साळवे उभे राहिले. आवाज अजिबात चढला नव्हता.

"सर, ताट वाढलंय. जेवा आन् मग जावा. परत यिऊ नका."

सर जेवले नाहीत. माझ्याकडे एकदा बघून म्हणाले, "सुभाष, तू तरी सांग यांना." मी चपला शोधत होतो.

दोघांची सात वर्षं गाठ पडली नाही. शिरूरहून एक पोस्टकार्ड आलं, त्यावर बाणांनी आखलेला बास्केटबॉलचा डाव. साळव्यांनी ते वाचलं आणि परत पाठवलं. रविवारी ते पेटीवर बसत, लिहीत, पण बारशी करायचे थांबले. नव्या खेळाडूंना नुसते नंबर. निळे पुन्हा कधी फायनलला गेले नाहीत. दौंडात सगळे साळव्यांच्या बाजूचे, शिरूरात सगळे सरांच्या. दौंडचा कुणी शिरूरला सोयरीक बघायला गेला तरी चहाच्या आधी त्या सहा गुणांवरून चिमटे निघत. मीही दौंडच्या बाजूने हिरिरीने बोलायचो, हे लिहिताना मला लाज वाटते.

साळवे रिटायर झाले. एका सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात वहिनींच्या मिरच्या उन्हात पसरत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. का त्याच दिवशी सांगितलं, ते मलाही माहीत नाही. बहुधा सात वर्षांत त्यांनी एकदाही माझ्यावर संशय घेतला नव्हता, त्याचा कंटाळा आला असेल.

ते मिरच्या पसरत राहिले. "किती तासांची कॅसेट?"

"तीन."

"आन् तू कुठं व्हता?"

"स्टेशनवर. वडा खायला."

"गरम व्हता का?"

"व्हय," मी म्हणालो.

"मंग बरंय." त्यांनी उरलेल्या मिरच्या पसरल्या. "सात वर्षं, सुभाष. भरल्या ताटावरनं माणूस लावून दिला मी." आणि थोड्या वेळाने, अगदी वेगळ्या आवाजात, "त्या अडीच मिनिटांत काय झालं?"

"म्या बी न्हाई बघितलं."

"म्हंजी दौंडात कुणालाच म्हाईत न्हाई."

ते हात धुऊन आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. "चल. शिरूरची गाडी साडेनऊला हाय."

वाटेत एस.टी.त मी सरांसमोर काय बोलायचं ते मनात घोळवत होतो. हिंगे सर ओट्यावर पेपर वाचत बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी पेपर खाली ठेवला, पण उठले नाहीत. मी तोंड उघडणार, तेवढ्यात साळव्यांनी ओट्यावर माझ्या शेजारी बसता बसता माझा गुडघा पाची बोटांनी गच्च दाबला.

"सर, माफी मागाया आलोय," ते म्हणाले. "तवा ड्यूटीवरनं तसाच आलो व्हतो. मॅच बघता बघता मला डुलकी लागली. अडीच मिनिटं गेली. कबूल कराया लाज वाटली. पुस्तक माझंच खोटं व्हतं."

मी गप्प बसलो. त्यांनी गुडघा दाबला म्हणून गप्प बसलो, असं पुढे मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला हायसं वाटलं.

सर असे हसले की घरातून त्यांच्या बाई धावत बाहेर आल्या. "डुलकी! गार्डाला डुलकी!" डोळे पुसत पुसत ते उठले. "आता हलू नका हितनं. दावतो तुम्हाला. सात वर्षं शाळेच्या पोरांकडनं तीच अडीच मिनिटं घोटून घेतोय मी, कधीतरी कुणाला तरी दावायची म्हणून."

त्यांनी आतून कोबीचा गड्डा आणला.

"अहो, भाजीचा हाय तो!" बाई ओरडल्या.

"भाजी मागनं. फायनल चालू हाय."

साठीचा तो आडवा माणूस अंगणात शटल झाला, मालगाडी झाला, पिवळ्यांचा बचाव झाला. शटलने खालून घुसून दोन घेतले. "वजा तीन," साळवे बोटांवर मोजत म्हणाले. पिवळ्यांनी दोन फेडले. "वजा पाच." मग लांबून तीन. "वजा दोन." सरांना धाप लागली, बाईंनी पाणी पुढे केलं, त्यांनी हातानेच नको म्हटलं. शेवटी ते तुळशीपाशी मागे सरकले, दोन्ही पाय जमिनीवरून चार बोटं उचलले असतील नसतील, आणि कोबी कपड्यांच्या दोरीवरून जाऊन पाण्याच्या पिंपात पडला. "तीन! एकनं पुढं!"

साळवे उभे होते. कधी उठले ते मला दिसलं नाही. "राइट टाइम," ते म्हणाले. मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि सरांच्या अंगणात, साठीचा माणूस, घराच्या वळचणीला हात लागतील अशा उड्या मारायला लागला. सरही, आपलाच संघ हरलेला असूनही, त्यांच्याबरोबर उड्या मारत होते.

जेवून आम्ही निघालो. एस.टी.त मी विचारलं, "गार्डसाहेब, असं का सांगितलं? तुमची बदनामी व्हईल. सर आख्ख्या दोन तालुक्यांत सांगतील."

"सांगू दे की." ते खिडकीबाहेर बघत होते. "तुझा धंदा चालू हाय. माझी पेन्शन चालू हाय. डुलकी लागली म्हणून पेन्शन कोण कापत न्हाई."

सरांनी सांगितलंच. आठवड्याच्या आत सगळ्या दौंडला कळलं. ज्या माणसाने छत्तीस वर्षांत एकदा डोळा मिटला नाही, त्याला बाजारात पोरं हाक मारायला लागली, "गार्ड, जागं हाय का?" ते हात वर करून 'जागा हाय' म्हणत आणि पुढे जात. मी ते ऐकत राहिलो. माझी केबल आणखी चार वर्षं चालली.

पण मला साळवे आठवतात ते त्याच दुपारचे. दौंडच्या स्टँडवर गाडी थांबली आणि ते माझ्या आधी उतरून समोरच्या दुकानात गेले. पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले आणि स्टँडवर दिसेल त्याला पेढा देत सुटले. कंडक्टरला, गजरेवालीला, ओळख ना पाळख अशा माणसांना.

एका म्हाताऱ्याने पेढा हातात घेऊन विचारलं, "काय आप्पा, नातू झाला जणू?"

"न्हाई वो. कप जिंकला आमी."

"व्हय? कवा?"

"मघाशी," साळवे म्हणाले, आणि बॉक्स माझ्यापुढे धरला. मी दोन घेतले.